परदेशात शिकताना लांबचे नातेवाईक कसे जोडावेत : जर्मनीला निघालेल्या बडोदेकर विद्यार्थ्यांसाठी

बडोद्यातील मराठी घरातून मूल जर्मनीला शिकायला निघाले, की प्रवेशपत्र आणि व्हिसा यांच्या जोडीने आणखी एक शोध सुरू होतो, तो म्हणजे तिकडे आपले कोण आहे याचा. बहुतेक वेळा कोणीतरी सापडतेच. आईच्या मावसबहिणीचे दीर म्युनिकला असतात, आजोबांच्या इंदूरच्या चुलतभावाची नात श्टुटगार्टला स्थायिक झालेली असते. गायकवाडांच्या राज्यात नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांच्या सोयरिकी पुण्या-साताऱ्याबरोबरच इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास येथेही जुळल्या, त्यामुळे आपली नाती आधीच चार गावांत विखुरलेली होती आणि त्या गावांतील पुढची पिढी आता देशाबाहेर आहे.

अशा नातेवाइकांचा परमुलखात फार मोठा आधार होऊ शकतो, परंतु केवळ नाते आहे म्हणून तो मिळेल असे गृहीत धरणे योग्य नाही. ओळख गरज पडण्यापूर्वी व्हावी आणि ती विद्यार्थ्याने स्वतः करावी, असे माझे ठाम मत आहे. मी बडोद्याहून जर्मनीत शिकायला गेले आणि तिथेच राहिले. आता आमच्या घरी बडोद्याची मुले येतात, त्यामुळे पाहुणा आणि यजमान या दोन्ही बाजूंनी जे जाणवले ते येथे सविस्तर मांडत आहे.

निघण्यापूर्वी घरात बसून करण्याचे काम

आजी, आत्या किंवा घरात ज्यांना नातीगोती पाठ आहेत अशा व्यक्तीजवळ एक दुपार वही घेऊन बसावे. नातेवाइकांचे नाव आणि फोन क्रमांक एवढ्यावर न थांबता आपल्यापासून त्यांच्यापर्यंतची साखळी क्रमाने लिहून काढावी: कोणाचे कोण, लग्न कोणत्या गावी झाले, आपल्या घरचे त्यांना शेवटचे कधी आणि कोठे भेटले, त्यांचे आई-वडील आज कोठे राहतात. दांडिया बाजारातील किंवा घडियाळी पोळीतील जुन्या वाड्याच्या वाटणीवरून एखाद्या शाखेशी बोलणे तुटलेले असेल, तर तेही विचारून घ्यावे. ते माहीत असावे म्हणजे नको तो विषय आपल्याकडून निघत नाही. त्या भांडणात आपली बाजू मांडण्याची जबाबदारी मात्र आपल्यावर नाही, आणि कोणी तसा निरोप द्यायला सांगितला तर नम्रपणे नाही म्हणावे.

त्यानंतर नकाशा उघडावा. घरच्यांच्या बोलण्यात ‘तेही जर्मनीतच आहेत, मग जवळच’ असे सहज येते, पण म्युनिक ते हॅम्बुर्ग हा प्रवास वेगवान गाडीनेही साधारण सहा तासांचा आहे. नातेवाईक आपल्या शहरात आहेत, दीड-दोन तासांवर आहेत की देशाच्या दुसऱ्या टोकाला, यावर पुढच्या सगळ्या अपेक्षा ठरतात आणि त्या आई-वडिलांनाही नकाशावर दाखवून समजावून द्याव्यात.

पहिला संदेश

संदेश विद्यार्थ्याने स्वतः, निघण्याच्या महिनाभर आधी पाठवावा. वडिलांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर ‘आमची मुलगी येत आहे, लक्ष असू द्या’ असे जाहीर केले, तर समोरच्याला चारचौघांत होकार देणे भाग पडते. पुढे अवघडलेपणा येतो तो येथूनच. संदेशात आपण कोण, साखळी कोणती, कोणत्या शहरात, कोणत्या विद्यापीठात आणि काय शिकायला येत आहोत, एवढे यावे, आणि कोणतीही मागणी नसल्याचे स्पष्ट असावे. साधारण असा:

‘नमस्कार काका. मी बडोद्याहून लिहीत आहे. आपल्या वहिनी आणि माझी आई या मावसबहिणी. रावपुऱ्यातल्या घरी आपण लग्नानंतर आला होता असे आजी सांगते. ऑक्टोबरपासून मी आखेनला यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी येत आहे. राहण्याची सोय झालेली आहे. स्थिरस्थावर झाल्यावर आपल्याला आणि काकूंना भेटायला आवडेल. बडोद्याहून काही आणायचे असल्यास जरूर कळवावे.’

‘राहण्याची सोय झालेली आहे’ हे वाक्य खरे असेल तरच लिहावे, पण ते खरे असेल तर अवश्य लिहावे, कारण वाचणाऱ्याच्या मनात सर्वांत आधी येणारा प्रश्न तोच असतो. संबोधनाबाबत शंका असेल तर घरातील मोठ्यांना विचारावे. वयाने फार अंतर नसलेली आतेबहीण किंवा मामेभाऊ असेल तर ताई-दादा म्हणून सुरुवात करावी, ती व्यक्तीच पुढे ‘नुसते नावाने हाक मार’ असे सांगते. फोन करायचा झाल्यास वेळेचा फरक लक्षात ठेवावा: भारत जर्मनीच्या पुढे हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असतो, आणि हा बदल मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. बडोद्यातून सकाळी नऊला केलेला फोन तिकडे हिवाळ्यात पहाटे साडेचारला वाजतो.

सामानात काय न्यावे

येथे थोडे थांबावे लागेल, कारण प्रेमापोटी सर्वाधिक घोटाळे सामानातच होतात. युरोपीय संघाच्या नियमांनुसार बाहेरच्या देशांतून प्रवाशाने स्वतःच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, साजूक तूप, श्रीखंड हे सारे बाद. ताजी फळे आणि भाज्या यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यातून केळी, नारळ, खजूर, अननस अशी मोजकी फळेच वगळलेली आहेत. त्यामुळे हापूसची पेटी किंवा ओल्या कढीपत्त्याची जुडीही नेता येत नाही. याउलट लिलो चेवडो, भाकरवडी, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, गोडा मसाला आणि आमसुले यांना अडचण येत नाही, आणि तिकडच्या घरांत त्यांचेच खरे अप्रूप असते. बडोदे सोडून वीस वर्षे झालेल्या माणसाच्या हातात लिलो चेवड्याची पुडी दिली की पुढचा अर्धा तास कसा जातो ते कळत नाही.

सोन्याबाबत विशेष सांगावेसे वाटते. ‘जातेच आहेस तर काकूंच्या सुनेची एवढी साखळी पोहोचती कर’ असे म्हणणारे कोणी ना कोणी निघते. विमानाने येणाऱ्या प्रवाशाला ४३० युरोपर्यंतच्या भेटवस्तू करमुक्त आणता येतात; त्यापेक्षा अधिक किमतीची वस्तू विमानतळावर लाल मार्गिकेतून जाऊन जाहीर करावी लागते आणि तिच्यावर कर भरावा लागतो. हे देणाऱ्याला आधीच सांगावे, म्हणजे बहुतेक वेळा साखळी बडोद्यातच राहते. कोणाचेही बंद पाकीट, विशेषतः औषधांचे, आत काय आहे हे पाहिल्याशिवाय घेऊ नये आणि बॅग स्वतःच्या हातानेच भरावी.

पहिले महिने : स्वतःची कामे स्वतः

पोहोचल्यावर पहिले काही आठवडे कार्यालयीन कामांत जातात. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. आरोग्य विमा, बँक खाते, निवास परवान्यासाठीची भेटीची वेळ ही कामे त्या नोंदणीशी जोडलेली असतात. घरे मिळणे अवघड असल्याने काही विद्यार्थी नातेवाइकांना ‘कागदोपत्री तुमचा पत्ता दाखवू का’ असे विचारतात. हे कधीही विचारू नये. जिथे प्रत्यक्ष राहत नाही तिथला पत्ता नोंदवणे बेकायदा आहे, आणि असा पत्ता उपलब्ध करून देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. खरोखरच काही महिने त्यांच्याकडे राहायचे ठरले असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही भाड्याच्या घरात असतील तर त्यांच्या मालकाशी आधी बोलणे झालेले असावे.

पैशांबाबतही हीच काळजी घ्यावी. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे पैसे एकदम काढता येत नाहीत अशा बँक खात्यात, वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यांतून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. ही रक्कम उभी करण्याऐवजी जर्मनीतील नातेवाइकांकडून हमीपत्र मिळवण्याचा मार्ग कायद्यात आहे, त्याला फरफ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग म्हणतात. परंतु हे हमीपत्र म्हणजे केवळ ओळखीचे पत्र नव्हे. ते देणारा माणूस आपल्या उत्पन्नाची कागदपत्रे सरकारी कार्यालयात सादर करतो आणि विद्यार्थ्याच्या निर्वाहावर सरकारचा खर्च झाल्यास तो भरून देण्याची जबाबदारी पाच वर्षांपर्यंत स्वतःवर घेतो. लांबच्या नातेवाइकाकडे ही मागणी करणे मला अनुचित वाटते. त्यांनी आपणहून देऊ केले, तरी आई-वडिलांनी त्यांच्याशी सविस्तर बोलल्याखेरीज ते घेऊ नये.

बडोद्याला या बाबतीत जुनी शिस्त आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा महिना साडेअकरा पौंडांची ती रक्कम तीन वर्षांसाठी होती आणि तिच्याबरोबर परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा लेखी करार होता. मदत कोणत्या अटींवर आहे हे पहिल्या दिवशीच कागदावर स्पष्ट असणे दोघांच्याही हिताचे असते, आणि नात्यातल्या पैशांना तर हे अधिकच लागू आहे.

नातेवाइकांचे उपाहारगृह किंवा दुकान असल्यास ‘शनिवारी येत जा, हातखर्च सुटेल’ असा प्रस्ताव येऊ शकतो. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, पण ते रीतसर नोंदवलेले काम असावे लागते. रोख हातात घेऊन केलेले बिनानोंदीचे काम पकडले गेल्यास निवास परवाना धोक्यात येतो आणि नातेवाइकांचा व्यवसायही अडचणीत येतो.

भेटीला जाताना

पहिली भेट पोहोचल्यापासून सहा-आठ आठवड्यांनी ठेवावी आणि तिची तारीख किमान दोन-तीन आठवडे आधी ठरवावी. बडोद्यात ‘इकडून जात होतो म्हणून डोकावलो’ याचे कौतुक होते. तिकडे दोघेही नोकरी करणारे असतात, मुलांचे वर्ग आणि सामने असतात, आणि शनिवार हा आठवड्याच्या खरेदीचा दिवस असतो. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते आणि पाठोपाठ दिवाळी येते, त्यामुळे अनेकांची पहिली भेट फराळाच्या निमित्ताने होते. निमित्त म्हणून ते उत्तमच आहे. जेवायला बोलावले आहे की मुक्कामाला, हे मात्र न लाजता विचारून घ्यावे.

प्रवासासाठी डॉइचलँड-टिकिट (देशभर चालणारा मासिक पास) किंवा विद्यापीठाचे सत्र-तिकीट असेल तर ते प्रादेशिक गाड्यांत चालते, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. लांब पल्ल्याची स्वस्त तिकिटे लवकर काढावी लागतात आणि ती ठरलेल्या गाडीलाच बांधलेली असतात. गाड्यांना उशीर होणे नेहमीचे आहे, म्हणून गाडीत बसल्यावर एक संदेश आणि उशीर झाला तर लगेच दुसरा संदेश पाठवावा. काकू पोळ्या केव्हा लाटायला घ्यायच्या हे त्यावर ठरवतात. रविवारी दुकाने बंद असतात. फुले किंवा फळे न्यायची असतील तर ती शनिवारीच घ्यावीत. अगदी राहिलीच तर मोठ्या रेल्वे स्थानकातील दुकाने उघडी मिळतात.

घरात वावरताना काही गोष्टी कोणी आपणहून सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला संकोच वाटतो. त्यांपैकी न्हाणीघराची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिथल्या बहुतेक न्हाणीघरांच्या जमिनीला पाणी वाहून जाण्यासाठी मोरी नसते. टबच्या किंवा शॉवरच्या बाहेर सांडलेले पाणी फरश्यांच्या सांध्यांतून मुरते आणि खालच्या मजल्याच्या छतावर ओल दिसू लागते. म्हणून पडदा असेल तर त्याचा खालचा काठ टबच्या आत घ्यावा, बादली-तांब्याचा विचार सोडून द्यावा, आंघोळीनंतर काचेवरचे पाणी तिथे टांगलेल्या रबरी पट्टीने ओढून घ्यावे, जमीन पुसून घ्यावी आणि खिडकी पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडून वाफ बाहेर जाऊ द्यावी. एवढे न सांगता केले की यजमानीण मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकते.

रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर आवाज न करण्याचा नियम असतो, त्यामुळे रात्री उशिरा बडोद्याला व्हिडिओ कॉल करायचा झाल्यास हेडफोन लावावा आणि बोलणे हळू ठेवावे. कचरा टाकण्यापूर्वी कोणता डबा कशाचा ते विचारावे: कागद, वेष्टने, ओला कचरा आणि उरलेला असे वेगळे डबे असतात. पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या फेकू नयेत, त्यांवर प्रत्येकी २५ सेंट अनामत भरलेली असते आणि दुकानातील यंत्रात बाटली परत दिल्यावर ती मिळते. घरकामाला बाई नसते, म्हणून जेवण झाल्यावर ताटे उचलून भांडी यंत्रात लावायला हात लावावा. ‘अग बस, पाहुणी आहेस’ असे काकू एकदा म्हणतील. दुसऱ्यांदा म्हणणार नाहीत.

आहाराबद्दल आधीच कळवावे. आपण शाकाहारी असलो किंवा चतुर्थीचा उपवास असला तर तो त्यांना टेबलावर बसल्यावर कळू नये. उलट यजमान शाकाहारी असतील तर स्वतःबरोबर अंडी किंवा मांस असलेले काही नेऊ नये.

मुलांविषयी कळकळीने लिहीत आहे. तिकडे वाढलेली मुले मराठी समजतात, पण उत्तर जर्मनमध्ये देतात. ‘हे काय, मराठी येत नाही?’ असे त्यांना किंवा त्यांच्या आईला विचारू नये. ती आई त्या प्रश्नाशी रोज झगडत असते. मुलांशी सावकाश मराठीत बोलावे, त्यांच्या जर्मन उत्तरातला एखादा शब्द न कळल्यास त्यांनाच अर्थ विचारावा. दहा वर्षांच्या मुलाला आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला काही शिकवायला मिळाले की त्याची भीड चेपते, आणि आपली जर्मनही सुधारते. घराचे किंवा मुलांचे फोटो विचारल्याशिवाय नातेवाइकांच्या समूहावर टाकू नयेत. तसेच पगार, घराचा हप्ता, ‘परत कधी येणार’ हे विषय त्यांनी काढल्याशिवाय आपण काढू नयेत, आणि काढलेच तर ते बोलणे बडोद्यापर्यंत पोहोचू नये.

ये-जा टिकवताना

दुसऱ्या दिवशी आभाराचा संदेश पाठवावा आणि आईने किंवा वडिलांनीही एक फोन करावा. पुढे दर महिन्याला भेट व्हायला हवी असे नाही. पाडवा, दिवाळी, मुलांचे वाढदिवस एवढे सांभाळले तरी पुरते. मात्र आपण घेणारे आणि ते देणारे अशी घडी पडू देऊ नये. तिकडे घर बदलताना माणसे मिळत नाहीत, सगळे सामान स्वतः उचलावे लागते, अशा वेळी दिवसभर जाऊन राबावे. ते भारतात गेले की झाडांना पाणी घालावे, मुलाला गणित शिकवावे. विद्यार्थी निवासातल्या लहानशा स्वयंपाकघरात पिठले-भात करून त्यांना जेवायला बोलावले, तर ते जेवण त्यांच्या फार लक्षात राहते.

मदत मागताना तारतम्य ठेवावे. विमा कंपनीच्या जर्मन पत्राचा अर्थ समजावून घेणे, अर्जाबरोबरचा परिचय त्यांच्या नजरेखालून घालणे, दवाखान्यात बोलायला अडचण आल्यास फोनवर घेणे या गोष्टी जरूर मागाव्यात. त्यांच्या कार्यालयात चिकटवून घेण्याचा आग्रह आणि उसने पैसे टाळावेत. विद्यापीठाच्या अर्जात आपत्कालीन संपर्क म्हणून त्यांचे नाव लिहायचे असेल तर आधी विचारावे. खऱ्या आणीबाणीत आधी ११२ हा क्रमांक लावावा, पोलिसांसाठी ११० आणि दवाखाने बंद असताना डॉक्टरसाठी ११६११७, नातेवाइकांना फोन त्यानंतर.

नातेवाईक दुसऱ्या युरोपीय देशात असतील तर जर्मनीचा निवास परवाना असताना शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांपैकी, इतर देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवसांपर्यंत जाता येते. नेदरलँड्सच्या मामेबहिणीकडे जाताना पासपोर्ट आणि परवाना दोन्ही बरोबर ठेवावेत, कारण सीमेवर तपासणी होऊ शकते. ब्रिटन आणि आयर्लंडसाठी स्वतंत्र व्हिसा लागतो.

काही ठिकाणी उत्तरच येत नाही, किंवा येते ते कोरडे. त्याचे वाईट वाटून घेऊ नये आणि घरी तक्रारही करू नये. त्या घरात काय चालू आहे हे आपल्याला माहीत नसते. दिवाळीला एक शुभेच्छा पाठवून विषय तिथेच ठेवावा. याच्या उलट, एखाद्या घरात कोणाचे वागणे किंवा बोलणे खटकले, अस्वस्थ वाटले, तर नाते कितीही जवळचे सांगितले गेलेले असो, तिथून निघावे. त्यासाठी परतीचे तिकीट आणि एका रात्रीच्या मुक्कामापुरते पैसे नेहमी स्वतःजवळ असावेत, आणि आपण कोठे आहोत हे एका मैत्रिणीला किंवा मित्राला ठाऊक असावे. घरी सरळ सांगावे. आई-वडिलांनीही अशा वेळी ‘ते काय म्हणतील’ हा विचार बाजूला ठेवावा.

सुटीत बडोद्याला आल्यावर त्या नातेवाइकांचे आई-वडील येथे, पुण्यात किंवा इंदूरला असतील तर त्यांना प्रत्यक्ष भेटून यावे. निघण्यापूर्वी काका-काकूंना विचारून मुलांचे फोटो फोनमध्ये घ्यावेत आणि आजी-आजोबांना ते मोठे करून, एकेक समजावून दाखवावेत. त्यांचा फोन नीट चालतो का, व्हिडिओ कॉल लागतो का, हे पाहून द्यावे. त्यांची प्रकृती किंवा घरातील व्यवस्था पाहून काही काळजीचे वाटले, तर ते समूहावर न लिहिता काका-काकूंना फोन करून सांगावे, आणि त्यांनी मागितल्यास औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून त्याच दिवशी पाठवावेत.